तीन तिघाडा, गेट उघडा!

परवा संध्याकाळी मला माझ्याच सोसायटीच्या गेटवर चाळीस मिनिटं उभं केलं. पावसात. हातात पाच किलो इंद्रायणीची पिशवी, खांद्याला ऑफिसची बॅग, खिशात मेलेला मोबाइल.

ठाण्यात मानपाड्याच्या आमच्या सोसायटीने पावसाळ्याआधी गेटवर 'स्मार्ट' यंत्रणा बसवली. एक कॅमेरा गाड्यांचे नंबर वाचतो, एक टॅबलेट माणसांची तोंडं वाचतो आणि एक ॲप घरमालकाला 'पाहुणा आलाय, सोडू का?' असं विचारतं. तिघं आपसात बोलून काय ते ठरवतात. मी आलो रिक्षाने. तिचा नंबर यादीत नाही, म्हणजे मी पाहुणा. टॅबलेटने माझं भिजलेलं तोंड बघून ६१ टक्के दिले. दहावीला मला एवढेच पडले होते तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते, इथे नापास. मग ॲपने रीतसर १२०४च्या मालकाकडे परवानगी मागितली. मालक मीच. माझा मोबाइल ऐरोलीहून येताना दिघ्यालाच गेलेला. बायको आणि मुलगी डोंबिवलीला, माहेरी. बायकोचा नंबर ॲपमध्ये नाही, कारण दुसऱ्या नंबरचे वर्षाला वेगळे पैसे पडतात आणि ते मीच वाचवले होते.

चार्जर घरात, घर दारापलीकडे, दार मोबाइलसाठी अडलेलं. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. वॉचमनच्या केबिनमध्ये प्लग एकच, त्यात टॅबलेट. तो काढला तर सगळंच बंद.

"साहेब, मी ओळखतो हो तुम्हाला," वॉचमन म्हणाला, "पण हाताने गेट उघडलं की पगारातून पाचशे कापतात."

एवढ्यात काका आले. बी विंग, ३०२. बँकेतून रिटायर, सोसायटीचे खजिनदार, बर्म्युडावर अर्धा स्वेटर आणि डोक्यावर छत्री. छत्री त्यांच्यापुरतीच.

"काका, बरं झालं आलात. ओळखता ना मला?"

"म्हणजे काय! तुमच्या मुलीच्या बारशाला जेवून गेलोय मी."

"मग सांगा ना याला."

"मी ओळखून काय उपयोग? मी सिस्टिमच्या बाहेरचा." काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "आणि समजा, उद्या तुमच्यासारखा दिसणारा कोणी आला तर?"

"माझ्यासारखा दिसणारा माझ्या घरात येऊन करणार काय? हप्ता भरणार?"

"तेच म्हणतोय मी. हेतू कळत नाही ना!"

"तुम्ही कमिटीवर आहात. तुमच्या मोबाइलवरून सोडा मला."

"सोडतो की. पण मग तुम्ही माझे पाहुणे. तुम्हाला ३०२मध्येच यावं लागेल."

"येतो. तिथून वर जातो."

"तसं कसं? लिफ्टला कळतं. आणि आत्ता नकोच, मिसेसची भिशी चाललीय."

मी गप्प. काकांना वाटलं मला पटलं. ते जवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू का, हे सगळं तुम्हीच सभेत समजावून सांगितलंत. 'एजंट आपसात बोलतील, मधे माणूस लागणार नाही.' मिनिट्समध्ये आहे. काढून दाखवू?"

हे खरं आहे. मी पोटासाठी हेच करतो. ऐरोलीला काचेच्या इमारतीत बसून एकमेकांना कामं वाटून घेणारी सॉफ्टवेअरं, म्हणजेच हे 'एजंट', लिहितो. सभेत मला फार चेव आला होता. रीड स्मिथ या संगणकशास्त्रज्ञाने १९८०मध्ये मांडलेलं 'कॉन्ट्रॅक्ट नेट' मी रिक्षा स्टँडचं उदाहरण देऊन समजावलं होतं. एक एजंट काम पुकारतो, बाकीचे बोली लावतात, ज्याची बोली बरी त्याला काम. बायका-पुरुष माना डोलावत होते. पण ठाणे स्टेशनाबाहेर सॅटिसच्या पुलाखाली उभं राहून 'मानपाडा?' असं पुकारून बघा. बोली कसली? पहिला मान फिरवतो, दुसरा तंबाखू मळत राहतो, तिसरा नुसताच 'च्' करतो. एजंटांनी एकमेकांशी बोलावं कसं हे ठरवायला १९९६मध्ये 'फिपा' नावाची संस्था निघाली. तिने संदेशांचे प्रकार बांधून दिले: विनंती, प्रस्ताव, नकार, 'समजलं नाही'. नकार देताना कारणही द्यायचं, असं त्यात लिहिलंय. हे आमच्या रिक्षावाल्यांपर्यंत कोणी पोचवलेलं नाही. काकांपर्यंत मात्र जरा जास्तच पोचलंय.

"काका, कंपनीने चार यंत्रांचं कोटेशन दिलं होतं. चौथं कोणी कापलं?"

"मी!" काकांची छाती फुगली. "अठरा हजार वाचवले. म्हटलं, तिघं बास."

इथे माझं डोकं फिरलं. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज या तिघा संगणकशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये गणित मांडून दाखवलंय की शहराला वेढा घालून बसलेल्या तीन सेनापतींत एक जरी फितूर निघाला, तरी नुसत्या तोंडी निरोपांवर उरलेल्या दोघांचं एकमत होईल याची खात्री देता येत नाही. एक फितूर पचवायचा तर किमान चार हवेत. हे मी त्याच पावसात काकांना समजावलं, पिशवी या हातातून त्या हातात करत.

काका शांतपणे म्हणाले, "यात नवीन काय? तीन तिघाडा, काम बिघाडा. आमची आजी म्हणायची."

"मग तीन का घेतलीत?"

"आजी यंत्रांबद्दल नव्हती म्हणत."

पूर्वी या जागी एक वही असायची. कव्हर फाटलेलं, सुतळीला बांधलेलं बॉलपेन, आणि प्रत्येक पानावर 'येण्याचे कारण' या रकान्याखाली 'पर्सनल', 'पर्सनल', 'पर्सनल'. वहीजवळ आळीपाळीने तीन वॉचमन असायचे. एकाला माझी मुलगी मामा म्हणायची. यंत्रणा आली आणि दोघांना कमी केलं. हा उरलेला बारा-बारा तास उभा असतो. मिनिट्समध्ये त्याला 'खर्चात बचत' म्हटलंय. ठरावाला वर झालेल्या हातांत माझाही हात होता. काकांनी तेही काढून दाखवलं असतं, पण मी विचारलं नाही.

शेवटी आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आल्या. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, चप्पल हातात. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं.

"अडकलात व्हय दादा? रोज कुणी ना कुणी अडकतंय. या माझ्यामागनं."

त्यांनी सहा आकडे दाबले, मग खालच्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबलं. इतक्या मीटिंगांत ते बटण आम्हाला कोणी दाखवलं नव्हतं. दार उघडलं. काका मागून ओरडले, "बघा! चालते की नाही सिस्टिम?"

वर जाऊन मोबाइल लावला. चालू होतो न होतो तोच एका मागोमाग दोन निरोप. पहिला, 'पाहुण्याने वाट पाहून प्रवेश रद्द केला.' दुसरा, 'आपल्याकडे घरकाम कर्मचारी आले आहेत. सोबत: मदतनीस १.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो. दाढी केलेली, केस कोरडे. टॅबलेटने या वेळी मला लगेच ओळखलं आणि लाल झाला. मदतनीस १ काल आत आला तो बाहेर पडलाच नव्हता, त्याचं रात्रभर आत राहणं नियमात बसत नव्हतं, आणि घरकामवाल्यांची बाहेर पडताना बॅग तपासायची असते. ही तपासणी मावशींची रोज होते, हे मला तेव्हा कळलं. त्या आमच्याकडे अकरा वर्षं येताहेत.

वॉचमनने मान खाली घालून माझ्या बॅगेची चेन उघडली. लॅपटॉप, छत्री, औषधाची पट्टी. मग डबा काढला आणि झाकण उघडलं.

"भेंडी," तो टॅबलेटला म्हणाल्यासारखं म्हणाला आणि बटण दाबलं.

काका मॉर्निंग वॉकवरून परतत होते. थांबून त्यांनी डब्यात डोकावलं.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "चिरलीय बारीक, पण जरा जास्त झालीय."