युरोपीय संघात छोट्या देशांना खरंच आवाज नाही?

‘युरोपीय संघ म्हणजे दुसरा सोव्हिएत संघ, हुकूम ब्रुसेल्समधून सुटतात, छोटे देश मुकाट मान डोलावतात’ हा दावा जोरात फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळं मोठे देश ठरवतात.’ सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक कायद्यांना दुहेरी बहुमत लागतं: २७ पैकी १५ देश, आणि त्यांची लोकसंख्या संघाच्या किमान ६५ टक्के. पहिल्या मोजणीत माल्टा आणि जर्मनी सारखेच. दुसरीत मोठ्यांचं पारडं जड, पण त्यालाही वेसण आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली मिळून ३५ टक्क्यांच्या बरेच वर जातात, तरी तिघांना कायदा अडवता येत नाही. त्यासाठी किमान चार देश लागतात. आणि तटस्थ राहिलेला देश बाजूने धरला जात नाही, म्हणजे त्याचं वजन विरोधातच पडतं. कर, परराष्ट्र धोरण, नवे सदस्य यांना तर एकमतच हवं. सप्टेंबर २०२० मध्ये तुर्कस्तानवरही कारवाई व्हावी म्हणून एकट्या सायप्रसने बेलारूसवरचे निर्बंध रोखून धरले होते.

‘संसदेत छोट्यांना कोण विचारतो?’ ७२० जागांपैकी जर्मनीच्या ९६, माल्टाच्या ६. पण माल्टात एका खासदारामागे लाखभरही लोक नाहीत, जर्मनीत आठ लाखांहून जास्त.

‘आत गेलं की सुटका नाही.’ सोव्हिएत राज्यघटनेत बाहेर पडायचा हक्क कागदावर होता. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या लिथुआनियाने मार्च १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी केली आणि जानेवारी १९९१ मध्ये राजधानी विल्नियसमध्ये रणगाडे घातले. ब्रिटनने मार्च २०१७ मध्ये लेखी नोटीस दिली आणि ३१ जानेवारी २०२० ला तो बाहेर पडला. वाटाघाटी किचकट झाल्या, पण एकही सैनिक हलला नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजणं हा लिथुआनियाच्या लोकांवर अन्याय आहे.

दाव्यात तथ्य आहे ते एका जागी, आणि नेमकी तीच जागा त्यातून सुटते: सामायिक चलन, युरो. जून २०१५ च्या अखेरीस युरोपीय मध्यवर्ती बँकेने कर्जात बुडालेल्या ग्रीसच्या बँकांच्या आपत्कालीन कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला. बँका बंद झाल्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळू लागले. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के ग्रीकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. १३ जुलैला सरकारला कडक अटी मान्य कराव्या लागल्या. कर्जदात्यांशी वाटाघाटी ज्या युरोगटात चालल्या, ती युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांची अनौपचारिक बैठक. वरचं दुहेरी बहुमताचं संरक्षण तिथे ग्रीसच्या कामी आलं नाही.