खिडकी, आडोसा आणि गरम पाणी: निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, जेवण झाल्यावर परत वाचली. राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. बर्फाच्या वादळात घर कसं सांभाळायचं यावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: खानापूरकडच्या माणसानं बर्फ शिकवू नये, वादळात खिडकी उघडी ठेवा म्हणणं हा शुद्ध वेडेपणा, तुमचा मुलगा टोरांटोत बंदिस्त घरात सुखानं राहतो, दाराशी बर्फ साचतो तर समोर पत्रा ठोकावा, एवढं साधं मला सुचलं नाही, आणि गोठलेल्या पायरीवर गरम पाणी ओता हे तर हास्यास्पद.

गरम पाण्याचं तुमचं खरं आहे. मीच चुकलो. कडाक्याच्या थंडीत ते पाणी थोड्या वेळात काचेसारखं गोठतं आणि पायरी आधीपेक्षा वाईट होते. मीठही साधारण उणे 9-10 अंशांपर्यंतच कामाचं. त्याखाली वाळू टाकावी, निदान पाय घसरत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता माझा अधिकार. बेळगावात 1922 पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे. आमच्या गल्लीत फौजेतले पेन्शनीवाले चार आहेत, त्यातला एक मी. काश्मिरात दोन हिवाळे काढलेत. तिकडे 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी. आपल्याकडे मृगाच्या आधी बेगमी करतात ना, तशी तिथली माणसं वांगी, दुधी, टोमॅटो उन्हाळ्यातच वाळवून ठेवतात. घरात माणूस अंगावरच्या फेरनमध्ये, म्हणजे सैल लांब झग्यात, कांगडी (निखाऱ्यांची छोटी टोपली) घेऊन बसतो. ते लोक बर्फाला घाबरत नाहीत, वाऱ्याला जपून असतात.

इथंच तुमच्या पत्र्याची गोष्ट येते, आणि खरं सांगू, सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच विचार करायचो. आमच्या कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून आपण त्या बाजूला झावळ्यांचा नाहीतर ताडपत्रीचा आडोसा बांधतो आणि परड्याकडची बाजू कोरडी राहते. बर्फ याच्या उलटा वागतो. वारा सुटला की पडलेला भुसभुशीत बर्फ जमिनीलगत सरपटत जातो, आणि वाऱ्याचा जोर जिथं मोडतो तिथं बसतो. म्हणजे घराच्या आडोशाला, भिंतीच्या कोपऱ्यात, उभ्या गाडीच्या मागे. ज्या दाराला आपण 'वाऱ्यापासून सुरक्षित' समजतो तेच सकाळी कमरेएवढं गाडलेलं असतं आणि समोरचं अंगण झाडून काढल्यासारखं लख्ख. दारासमोर सलग पत्रा ठोकलात तर त्याच्यामागे वारा मंदावेल आणि सगळा ढीग तुमच्या मुलाच्या उंबऱ्यावर येईल.

मग करायचं काय? कुंपण लांब आणि फटींचं हवं. बांबूच्या कामट्यांचं असतं तसं, निम्मी जागा मोकळी. रस्त्याकडेला अशी कुंपणं घालतात तेव्हा त्यांच्या उंचीच्या सुमारे 35 पट अंतर सोडतात: चार फुटांचं कुंपण तर 140 फुटांवर. शहरातल्या अंगणात एवढी जागा कुठली? तिथं फावडंच खरं. वादळ थांबायची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं काढायचं, कारण ताजा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो आणि वाऱ्यानं दाबून बसवलेला 300च्या वर. पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर दमून जाईपर्यंत उपसूच नये, छातीवर येतं.

खिडकीवरून मात्र मी हटणार नाही. निदान पूर्ण नाही.

एका रात्री आम्हा चौघांच्या खोलीत बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, पेटली होती. बाहेर वादळ. धुराड्याचं तोंड बर्फानं कधी बंद झालं कुणाला कळलं नाही. डोकं जड झालं, आम्ही म्हटलं उंचीमुळे. एकाला मळमळलं, म्हटलं डाळ बाधली. चौथा लघवीला उठला, दार ढकललं, आणि गार वारा आत आल्यावर हळूहळू सगळ्यांची डोकी हलकी झाली. तेव्हा उलगडलं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं. त्या चौथ्याला अजून दिवाळीला फोन करतो मी.

टोरांटोचं घर वेगळं, हे कबूल. तिकडे ऑन्टारिओ प्रांतात घर गरम करणारी इंधनावरची भट्टी असलेल्या घरात या वायूचा अलार्म लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. पण अलीकडच्या भट्ट्यांची हवा आत-बाहेर करणारी पांढरी नळी बहुतेक घरांत बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर येते. आणि भिंतीलगत काय साचतं ते वर सांगितलंच. नळी बुजली तर नवी भट्टी बहुधा आपोआप बंद पडते आणि घर गारठतं. जुन्या भट्टीचा भरवसा मी देणार नाही. त्यात वीज गेली की माणसं कोळशाची शेगडी नाहीतर जनरेटर घरात आणतात. ती तर कधीच आत आणू नये. तिथं दोन बोटं उघडी खिडकीसुद्धा पुरत नाही. मी खिडकी सांगितली ती बुखारीवाल्यांना, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. एवढी चूक तुमच्या बाजूनं मान्य.

आज रात्री मुलाला फोन लावाल तेव्हा एवढंच विचारा: भट्टीची नळी कुठल्या भिंतीतून बाहेर येते, आणि अलार्मची बॅटरी शेवटची कधी बदलली? तो वैतागेल. वैतागला तर म्हणा, खानापूरच्या एका म्हाताऱ्यानं विचारायला लावलंय. आणि उत्तर काय मिळालं ते इथं खाली लिहा, मी वाट बघतोय.