दर जानेवारीत उठणारी वावडी

संक्रांत जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. '१४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो, दिवस मोठा होऊ लागतो आणि वसंत सुरू होतो. त्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळावे म्हणून ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी पतंग उडवण्याची प्रथा घातली,' असा त्याचा आशय असतो.

दिवस मोठा होऊ लागतो तो २१-२२ डिसेंबरनंतर; संक्रांत येईपर्यंत त्याला तीन आठवडे उलटून गेलेले असतात. प्रत्यक्ष उत्तरायण आणि पंचांगातील मकरप्रवेश सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच सुमारास होत असत, परंतु अयनबिंदू (जिथून सूर्य उत्तरेकडे वळतो तो बिंदू) साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकत असल्याने त्यांच्यात अंतर पडत गेले. संक्रांतीची इंग्रजी तारीखही त्यामुळेच पुढे जाते: स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता ती १४ किंवा १५ ला येते. ऋषींचाच दाखला हवा असेल, तर वेदांग ज्योतिष हा प्राचीन ग्रंथ उत्तरायणाचा आरंभ मकरप्रवेशापाशी नव्हे, तर धनिष्ठा नक्षत्रापाशी सांगतो.

वसंताविषयी फार लिहिण्याची गरज नाही. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिळगूळ हे थंडीचे खाणे आहे, आणि ऋतू शिशिर आहे.

पतंगाचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा. संक्रांतीच्या धार्मिक आचारात स्नान, दान आणि तीळ यांना महत्त्व आहे. पतंग हा त्याला जोडला गेलेला खेळ आहे. तो सूर्याच्या उत्तरायणासाठी योजलेला असता, तर सगळीकडे याच सुमारास उडाला असता. प्रत्यक्षात पंजाबात तो वसंत पंचमीला उडतो, दिल्लीत १५ ऑगस्टला, बंगालमध्ये सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला आणि लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. यांपैकी शेवटचे तिन्ही दिवस चक्क दक्षिणायनातले आहेत! शिवाय आपण उडवतो तो पतंग पातळ कागद आणि बांबूच्या काड्यांचा, आणि कागद भारतात सर्रास वापरात आला तो मध्ययुगात. संत नामदेवांचे एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. त्यात कागदाचा पतंग उडवणारा सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर ठेवतो, आणि नामदेव आपले मन तसेच देवापाशी जडल्याचे सांगतात. जुन्या मराठीत पतंगाला वावडी म्हणत. अफवांच्या 'वावड्या' उठतात त्यासुद्धा याच शब्दाच्या.

राहिले ड जीवनसत्त्व. या नावाला जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत, आणि ज्या काळात बहुतेक माणसे दिवसभर शेतात राबत, त्या काळात त्यांना ऊन मिळावे म्हणून निराळा सण योजण्याचे कारण दिसत नाही. येवल्यात भोगी, संक्रांत आणि करीच्या दिवशी जे गच्चीवर चढतात, त्यांच्यापैकी कोणालाही विचारून पाहावे. बोटाला चिकटपट्टी गुंडाळून, मान दुखेपर्यंत वर पाहत तो आसारी (मांजाची फिरकी) फिरवत असतो, ते शेजारच्या गच्चीवरचा पतंग कापण्यासाठी.