‘लूट आहे नुसती’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

गहू न चालणाऱ्यांसाठीच्या आमच्या दुकानाला आणि गिरणीला तुम्ही एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्यात. एका खेपेत १,८७० रुपये गेले, तुम्ही आणलेली ज्वारी आम्ही दळून दिली नाही, आणि आमच्याकडून नेलेल्या हिंगाच्या डबीवर घरी गेल्यावर ‘गव्हाचे पीठ’ असं वाचायला मिळालं.

हिंगाचं आधी, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. डबीतला हिंग नुसता हिंग नसतो. त्यात डिंक आणि कसलं तरी पीठ असतं, बहुतेक वेळा गव्हाचंच. आम्ही तांदळाच्या पिठाचा ठेवतो. त्या आठवड्यात दुसऱ्याच डब्या आल्या आणि फळीवर लावताना मागची बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. कुणी म्हणजे मी, माल मीच लावते. सगळ्या डब्या काढून टाकल्यात. फोडणीत पडायच्या आत तुमच्या लक्षात आलं हे वाचून जीव भांड्यात पडला.

दळणाच्या बाबतीत मात्र माझं उत्तर तेच राहील. गिरणीत आपण ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ म्हणून थांबतो, कारण आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्या तुमच्या मुलीला तेवढ्याने भागत नाही. तिथल्या तराजूवर, कापडी नळीत, हवेतसुद्धा गहू असतो. आणि तुमची ज्वारी कितीही चांगली असली तरी ज्या पोत्यातून आली त्यात आधी काय होतं ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. कायद्याने ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. ढोबळ हिशेबाने किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे सापडले की ती हद्द संपली. बाहेरचं धान्य एकदा आत घेतलं तर माझ्या गिरणीत आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत फरक काय राहिला? आमचं ज्वारीचं पीठ बाहेरच्यापेक्षा महाग आहे ते निवडायच्या मजुरीमुळे आणि तपासणीमुळे.

आता बिल. तुमची पावती काढून पाहिली. चपातीचं मिक्स ३ किलो, ७२० रुपये. पास्ता दोन पाकिटं, ५२०. बिस्किटं ४५०, हिंग १८०. खरं सांगते, यातलं निम्मं तुम्हाला लागतच नव्हतं, आणि हे काउंटरवरच्या आमच्या मुलाने सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी कालच गहू बंद केलेला असतो, माणूस घाबरलेला असतो, दिसेल ते टोपलीत टाकतो. त्याचा फायदा आम्ही घेतला असं तुम्हाला वाटलं तर मी काय बोलणार.

मिक्स आठ दिवसांत संपलं असं तुम्ही लिहिलंय. चौघांच्या चपात्या त्याच्या केल्या असणार. तसं नका करू. ते ठेवा शाळेच्या डब्यापुरतं, ज्या दिवशी लेकीला मैत्रिणींसारखी चपातीच हवी असते तेवढंच. रात्री सगळ्या घराला भात, नाहीतर ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी. तांदळाची उकड काढून केली तर दुपारपर्यंत मऊ राहते, ज्वारीची डब्यात कडक होते.

आणि पिठाशिवाय भागतं ते तर सगळ्यात स्वस्त. तांदूळ-डाळ निवडून, धुऊन, भिजत घालून मिक्सरवर वाटा: घावन, आंबोळी, इडली, मुगाची धिरडी. गिरणीचा संबंधच नाही. नाश्त्याला पोहे, साबुदाणा, वरी. उपासाचं सामान लेकीला बारा महिने चालतं, फक्त सुटं न घेता बंद पाकिटातलं घ्या. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट मात्र विचारल्याशिवाय नको, दोन्हींत गहू घालायची पद्धत आहे. घरघंटी घ्यायचा विचार असेल तर नवीच घ्या, गहू दळलेली जुनी कुणी फुकट दिली तरी नको. आमच्या दोन गिऱ्हाइकांनी मिळून एक घेतलीय. तेव्हापासून ते माझ्याकडून पीठ नेत नाहीत, निवडलेलं अख्खं धान्य नेतात. माझा धंदा कमी झाला, पण त्यांचं बरोबर आहे.

पोळपाट-लाटणं लेकीचं वेगळं केलंच असेल. लाकूड धुऊन गहू जात नाही.

हिंगाचे १८० रुपये काढून ठेवलेत. पास्त्याची न फोडलेली पाकिटं असतील तर तीही घेऊन या, पूर्ण पैसे मिळतील. सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी सकाळी अकरापर्यंत मी स्वतः काउंटरवर असते.