दोन दिवसांत गेट? आधी एक जोड मोडून बघा

'दोन दिवसांत घरच्या घरी वेल्डर बना' हा मेसेज एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरून गेला असेल. त्याचं म्हणणं असं: इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरातल्या कुठल्याही प्लगवर चालतं, डोळ्यांना काळा गॉगल पुरतो, धूर बाधला तर दूध प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी गेट तयार. मी स्वतः अंगणात, कुणी न शिकवता शिकलो, त्यामुळे घरी शिकू नका असं मी म्हणणार नाही.

प्लगचं निम्मं खरं. अडीच मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड (जो वितळून जोड भरतो), म्हणजे दुकानातला 'बारा नंबर', ७०-८० अँपिअरवर चालतो. हे अँपिअर मशीन रॉडला कमी व्होल्टेजवर देतं, भिंतीतून त्याहून खूप कमी ओढतं. वायरिंग धड असेल तर तेवढा भार १६ अँपिअरचा मोठा सॉकेट सोसतो. मोबाइल चार्ज करतो त्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नव्हे.

गॉगलचं वाचून मात्र डोकं फिरलं. आर्कमधले, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झगझगीत ठिणगीतले, अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात, गॉगलच्या कडेनेही आत शिरतात. तोंड झाकणारं हेल्मेट आणि १० किंवा ११ शेडची (काळेपणाचा नंबर) काच हवीच. फसायला होतं ते यामुळे, की तेव्हा काहीच दुखत नाही. 'एवढ्याशा टाक्याला (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्याला) कशाला हेल्मेट' म्हणत मीही दुपारभर नुसती मान वळवून टाके मारले. रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं इतकंच. सकाळी डॉक्टरच गाठावे लागले.

दुधाचंही तसंच. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे जोड लागायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघणार. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. धूर जातो फुफ्फुसात, दूध जातं पोटात! शिकताना काळा एमएसच (जस्ताचा थर नसलेलं साधं लोखंड) घ्या, आणि काम उघड्यावर करा.

राहिलं गेट. गेटला बहुधा पातळ चौकोनी पाइप लागतो. १८ गेजचा पाइप जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड, नवख्याच्या हातून त्याला भोकच पडणार. त्यापेक्षा ५-६ मिलिमीटरची पट्टी घ्या, दुसरीवर उभी धरून एकाच बाजूने जोडा, व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळून हातोडीने पाडा. माझा पहिला जोड वरून माशाच्या खवल्यांसारखा देखणा होता. मोडल्यावर आत काळा काचेसारखा स्लॅग (रॉडवरच्या लेपाचा मळ) निघाला, आणि खालच्या पट्टीला धातू धरलाच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी वाकली, पण जोड सुटला नाही. गेट अजून केलेलं नाही. कुंड्यांचा स्टँड केलाय. सगळे टाके एकाच बाजूने मारल्यामुळे त्याचा एक पाय ओढला गेलाय, म्हणून खाली फरशीचा तुकडा सरकवून ठेवलाय.