खाजनातलं माझं पहिलं वर्ष

कुंभारजुवे कालव्याच्या काठी आमचं थोडंसं खाजन आहे. बाबांचे गुडघे गेले, भाऊ परदेशात, आणि मी पणजीला ऑफिसात. "राहू दे पडीक, सगळ्यांचीच पडली आहेत," असं घरातलेच म्हणाले. माझ्या जिवाला ते लागलं. शेजारच्या आबांकडून कोरगुट या भाताचं बियाणं मागून आणलं आणि मे महिन्यात शेतात उतरले. त्या वर्षी थकले तशी आयुष्यात कधी थकले नव्हते. आणि त्या वर्षाने मला जे दिलं ते नोकरीच्या अठरा वर्षांनी दिलेलं नाही, हे मनापासून सांगते.

गोव्याबाहेरच्या मित्रमंडळींसाठी थोडं सांगते. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. वीज नको, माणूस नको. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं जातं, ते मानशीतून नदीला जातं, आणि उरलेला खारटपणा सोसून कोरगुट उगवतं. मी लहानपणापासून त्या मानशीवरून उड्या मारल्या, पण ती चालते कशी हे चाळिशीनंतर कळलं!

जुलैत, अमावास्येच्या उधाणाला, रात्री आबांनी हाक मारली. "बाय, बांद फुटलो, बेगीन यो!"

पाणी शेतात घुसत होतं, रोपं वीतभरही नव्हती. ओहोटी लागेपर्यंत काही करता येत नाही, नुसतं बघत उभं राहायचं. ते दोन तास मला सगळ्यात जड गेले. मग कोणी माडाचे सोट आणले, कोणी पेंढा, कोणी मातीची पोती. वरच्या वाड्यावरची ख्रिस्ती कुटुंबंही आली. चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकत होते आणि माझ्या हातून दर वेळी निसटत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी माझे हात धरून गोळा माझ्या पोटाशी दाबला. "पोटाक लावन धर गो." त्यानंतर एकही पडला नाही. पुढची भरती चढायच्या आत भगदाड बुजलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. बांध फुटला की आपण उधाणाला दोष देतो. उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येतंच. तिथली माती दोन वर्षं ढासळत होती, आणि ज्यांचं काम होतं त्यांनी लक्ष दिलं नाही. पूर्वी ही निगराणी गावकरीची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची होती. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना हक्क मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पुढे बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली, पण शेत कसणारेच कमी झाले तर बांधावर फिरणार कोण? शिवाय मानशीत मासळी पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो. खारं पाणी आत जितकं जास्त राहील तितकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, जास्त, आणि शेताचं नुकसानही तितकंच.

आठ दिवस रोपं पिवळी पडून होती. मी ऑफिसला जायच्या आधी रोज जाऊन बघायचे. पाऊस धो धो लागला, मानशीने पाणी काढलं, आणि एका सकाळी बुडख्यातून हिरवा कोंभ दिसला. चिखलात उभी राहून मी रडले.

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, देवापुढे आमच्याच शेतातली कणसं होती. बाबांनी एक कणीस हातात घेतलं, कुसळांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. भात फार झालं नाही, एक भाग तर हातचा गेलाच. पण त्याच्या उकड्या तांदळाची पेज आम्ही त्या आजींकडे घेऊन गेलो.

ज्यांची खाजनं पडीक आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा पेरणीचं नंतर ठरवा, आधी एकदा आपल्या बांधावर चालून या. ओहोटी लागायच्या वेळी जा आणि मानशीजवळ उभे राहा. दार उघडताना दिसेल.