कंसातली रॅम कुणी खाल्लेली नाही

एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा फिरत येतं. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘लॅपटॉपवर ८ जीबी रॅम लिहिलेली असते, पण सेटिंग्जमध्ये बघा, ७.८ निघते. काहींची तर ५.९! हार्ड डिस्कसारखंच इथेही कंपन्या हजाराच्या हिशेबाने मारतात. खरी रॅम म्हणजे कंसातला आकडा. दडवलेली रॅम एमएसकॉन्फिगमधून मोकळी करता येते. आणि काहीच चालू नसताना निम्मी रॅम भरलेली दिसली तर लगेच रॅम क्लीनर टाका.’

मला हे चार-पाच जणांनी तरी पाठवलं असेल. खाली प्रश्न एकच: ‘आपलीही गेली का रे?’ नाही गेली. पण नुसतं ‘नाही’ म्हणून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हजाराच्या हिशेबाने मारतात.’

डिस्कच्या बाबतीत हिशेब हजाराचा असतो, एवढं खरं. ५१२ जीबीची एसएसडी म्हणजे ५१२ अब्ज बाइट. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं, म्हणून तीच एसएसडी ४७६ जीबीची दिसते. बाइट तेवढेच, मापटं वेगळं. रॅमला हा हिशेब लागू नाही. रॅमच्या आतली रचनाच दुपटीवर चालते: मेमरीच्या कप्प्यांच्या पत्त्यात एक बिट वाढला की कप्पे दुप्पट. मेमरीची मानकं ठरवणारी जेडेक ही संस्थाही रॅमसाठी जीबीचा अर्थ वरचा मोठा आकडा असाच धरते. म्हणजे ८ जीबीच्या स्टिकमध्ये पूर्ण ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात.

गंमत अशी, की फॉरवर्डमधला आकडाच फॉरवर्डला खोटं पाडतो. कंपनीने ८ अब्ज बाइट देऊन ‘८ जीबी’ म्हटलं असतं, तर विंडोजने ७.४५ दाखवले असते. ७.८ नाही.

‘खरी रॅम म्हणजे कंसातला आकडा.’

सगळा घोळ इथे आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की ‘इन्स्टॉल्ड रॅम’समोर दोन आकडे दिसतात: ८.०० जीबी, आणि कंसात ७.८३ जीबी युजेबल. पहिला आकडा बसवलेल्या रॅमचा. कंसातला, त्यातली किती विंडोजच्या हाती आली त्याचा. तुम्ही पैसे मोजलेत ते पहिल्या आकड्याचे.

मधली रॅम कुठे गेली हे विंडोज लपवतही नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि खाली ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ ही ओळ शोधा. वरच्या उदाहरणात तिथे साधारण १७४ एमबी दिसतील. ८.०० मधून ७.८३ वजा केले तर उरतात ते हेच. ही जागा बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) आणि मशीनमधल्या इतर भागांनी विंडोज सुरू होण्याआधीच राखून ठेवलेली असते.

मग ५.९ चं काय? तिथे राखीव जागा २ जीबीच्या थोडी वर असते आणि ती बहुतेकदा ग्राफिक्सची असते. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यात प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः एएमडीच्या प्रोसेसरवाल्या, बायोस हा वाटा आधीच कापून ठेवतो: कधी ५१२ एमबी, कधी थेट २ जीबी. मशीनवर ८ जीबीच असताना त्यातले २ असे बाजूला काढणं मला स्वतःला पटत नाही, आणि विकताना हे ठळक सांगायला हवं असंही वाटतं. पण ती रॅम मशीनमध्ये आहे, कामही करते आहे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा वाटा कमी करण्याची सोय असते. असेल तर करा. नसेल तर तो प्रश्न लॅपटॉप घेण्याआधी विचारायचा होता.

जाता जाता: टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून ३-४ जीबीचा आकडा दिसतो, त्याने घाबरू नका. ती वरची मर्यादा आहे. लागली तर तेवढी घेता येईल, इतकाच अर्थ.

जुन्या मशीनचा मामला वेगळा. त्यावर ३२ बिटांचं विंडोज असेल तर ४ जीबी बसवूनही सव्वातीन-साडेतीनच वापरता येते. ३२ बिटांत पत्तेच ४ जीबीपुरते मावतात आणि त्यातले काही इतर हार्डवेअरला द्यावे लागतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं, त्यामुळे तिथे ही अडचण नाही.

‘एमएसकॉन्फिगमधून मोकळी करा.’

हा सल्ला चुकीचा तर आहेच, वर नुकसान करणारा आहे. एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं हे ठरवणारं विंडोजमधलंच साधन. त्याच्या बूट टॅबमध्ये, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली ‘मॅक्सिमम मेमरी’ अशी चौकट असते. नावावरून वाटतं, टिक केली की जास्तीत जास्त मेमरी मिळेल. काम नेमकं उलटं आहे. विंडोजने किती मेमरीच्या पुढे जायचं नाही, याची ती मर्यादा आहे. कमी रॅमवर आपला प्रोग्रॅम कसा चालतो, हे तपासणाऱ्यांसाठी ती ठेवलेली आहे. माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता, ‘आधीपेक्षा जास्त रखडतोय’ अशा तक्रारीसह. चौकटीत ४०९६ लिहून ठेवलं होतं. पहिला आकडा ८.०० च होता, कंसातला ४ च्याही खाली गेलेला. टिक काढली, रीस्टार्ट केला, आकडा पूर्ववत झाला. तुम्ही आधीच तिथे टिक केली असेल तर आज काढून टाका.

‘निम्मी रॅम भरलेली, क्लीनर टाका.’

इथे फॉरवर्डला उत्तर देणारेही अनेकदा चुकतात. ‘अहो, तो कॅश असतो’ असं सांगून मोकळे होतात. कॅश म्हणजे पुन्हा लागेल म्हणून रॅममध्ये ठेवलेला डेटा. टास्क मॅनेजरमधल्या टक्केवारीत असा स्टँडबायला ठेवलेला, लागेल तेव्हा सोडता येणारा कॅश धरलेला नसतो. तो ‘अव्हेलेबल’मध्ये मोजला जातो. त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर काहीच न उघडता ५० टक्के दिसत असतील, तर ती रॅम खरोखर वापरात आहे: स्वतः विंडोज, अँटीव्हायरस आणि लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतून नको असलेले प्रोग्रॅम बंद करा, फरक दिसेल.

क्लीनर यातलं काही करत नाही. चालू प्रोग्रॅमना रॅममधून हुसकावतो, ५० चे ३० टक्के करून दाखवतो आणि शाबासकी घेतो. मग ब्राउझरच्या टॅबवर परत गेलात की हुसकावलेलं सामान पुन्हा आणावं लागतं, काही तर थेट डिस्कवरून. तुम्ही बघत बसता आणि आकडा पुन्हा ५० कडे सरकतो.

आता संशय घ्यावा अशी जागा कुठली, तेही सांगतो. ती कंसात नाही, पहिल्या आकड्यात आहे. मध्यंतरी काही जाहिरातींत ४ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन यांची बेरीज करून ‘२० जीबी मेमरी’ असं लिहिलं जात होतं. ऑप्टेन डिस्कचा वेग वाढवायला होतं, ती रॅम नव्हे. अशा मशीनवर पहिला आकडा चारच दिसणार, आणि तिथे तक्रार रास्त आहे.

तसंच १६ जीबी म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर ८.०० दिसले तर टास्क मॅनेजरमध्येच ‘स्लॉट्स युज्ड’ बघा. २ पैकी १ असेल आणि दुसरी स्टिक बसवून घेतल्याचं तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर ती बहुधा नीट बसलेली नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, शक्य असेल तर बॅटरीही सोडवून स्टिक बाहेर काढायची, तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवायची आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् वाजेपर्यंत खाली दाबायची. त्यानंतरही ८.०० च दिसत असतील, तर बिल घेऊन विक्रेत्याकडे जा.